मागच्या दाराची चावी

धुळ्यात आग्रा रोडला लागून असलेल्या एका गल्लीत आमचे हार्डवेअरचे दुकान आहे. वडिलांनी ते सुरू केले आणि गेली तीस वर्षे गल्ल्यावर मी बसतो. बिजागऱ्या, कडी-कोयंडे, अल्ड्रॉप (म्हणजे कुलूप लावता येणारी, जाड सळईची आडवी सरकणारी कडी), टॉवर बोल्ट आणि कुलपे हा आमचा रोजचा माल. गेल्या जूनमध्ये, शाळा उघडण्याच्या आदल्या आठवड्यात, साक्री तालुक्यातील एका मुलींच्या वसतिगृहाचे व्यवस्थापक दुकानात आले. त्यांना सात लिव्हरची सहा पितळी कुलपे हवी होती आणि सहाही एकाच चावीने उघडणारी हवी होती.

"कुठे लावायची आहेत, भाऊ?" मी विचारले.

"मागच्या बाजूला शेत आहे. रात्री कोणीही येऊ शकते. म्हणून मागची दोन दारे, जिन्याचे चॅनल गेट आणि गच्ची, सगळे रात्री नऊला बंद करायचे. दोन कुलपे जादा असू देत."

"आणि चावी?"

"अधीक्षिकाबाईंकडे. त्या समोरच्या खोलीत झोपतात."

वसतिगृहात साठ मुली राहतात. व्यवस्थापकांच्या बोलण्यात बेफिकिरी अजिबात नव्हती. दुसऱ्यांच्या लेकी आपल्या भरवशावर आहेत, त्यांना काही होता कामा नये, हीच त्यांची काळजी होती. मी त्यांना बसवले, चहा मागवला आणि कुलपे काढण्याआधी एक जुनी गोष्ट सांगितली. ती इथेही लिहितो, कारण दाराच्या कुलपाकडे पाहण्याची माझी दृष्टी त्या दिवसापासून बदलली.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका मंगल कार्यालयासाठी मी मागच्या दाराचा अल्ड्रॉप दिला होता. चौदा इंची, जाड सळईचा, कोयंड्याची पट्टी दारातून आरपार बोल्टने आवळायची. "हा कापल्याशिवाय निघणार नाही," असे मी मालकांना अभिमानाने सांगितले होते, आणि ते खरेही होते. त्या दारातून गल्लीतील कुत्री आणि आगंतुक लोक पंगतीत शिरतात म्हणून मालकांनी ते आतून कुलूप लावून बंद ठेवण्याची पद्धत पाडली. एका एप्रिलमध्ये भर दुपारच्या लग्नात मंडपाच्या कापडाला हॅलोजनमुळे आग लागली. खानदेशातील एप्रिलचे ऊन ज्यांना ठाऊक आहे, त्यांना वाळलेले कापड आणि बांबू किती वेळात पेटतात हे वेगळे सांगायला नको. बहुतेक पाहुणे समोरच्या फाटकातून बाहेर पडले. स्वयंपाकघर मात्र मागच्या बाजूला होते. आचारी, त्यांच्या हाताखालच्या बाया आणि दोन लहान मुले त्या कुलूपबंद दाराशी येऊन थांबली. चावी रखवालदाराच्या खिशात होती आणि रखवालदार बर्फाच्या लाद्या आणायला गेला होता.

सुदैवाने कोणी दगावले नाही. एका आचाऱ्याने शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्यांना हाक मारली, त्यांनी बाहेरून पहार घालून दाराची फळीच फोडली आणि सगळे बाहेर आले. एका बाईचा हात मोडला. धुराने दोघांना दवाखान्यात ठेवावे लागले. दुसऱ्या दिवशी मी पाहायला गेलो तेव्हा दार आडवे पडले होते, त्याची फळी चिरली होती, बिजागऱ्या वाकल्या होत्या, आणि चौकटीला माझा अल्ड्रॉप जसाच्या तसा बसलेला होता. पहारीचे सात-आठ ओरखडे तेवढे त्यावर होते. तो आचारी तिथेच होता. तो रागावलेला नव्हता, तो फक्त म्हणाला, "शेठ, तुमची कडी काही तुटेना." त्या वाक्यानंतर बरेच दिवस मला नीट झोप लागली नाही. ज्या मजबुतीसाठी मी तो माल विकला, तीच मजबुती आतल्या माणसांच्या जिवावर उठली होती.

तेव्हापासून या विषयावरचे जे काही हाती लागेल ते मी वाचत आलो आहे. नियम तसा अगदी सरळ आहे. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीचा चौथा भाग आग व जीवितसुरक्षेचा आहे. बाहेर पडण्याचे दार ज्या बाजूच्या लोकांसाठी आहे, त्या बाजूने ते चावीशिवाय उघडता आले पाहिजे, असे ती सांगते. दार बाहेरच्या दिशेने उघडावे, पण उघडल्यावर त्याने जिना किंवा वाट अडवू नये. दाराची रुंदी किमान १ मीटर, सभागृहासारख्या जागी २ मीटर असावी. दार उघडताच पायरी येता कामा नये, आधी दाराच्या रुंदीइतकी सपाट जागा हवी. सरकते दार, वर गुंडाळले जाणारे शटर किंवा गोल फिरणारे दार बाहेर पडण्याचा मार्ग म्हणून धरता येत नाही. आपल्या राज्यात 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' लागू आहे आणि त्यानुसार ही व्यवस्था चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर आहे. परवानाप्राप्त संस्थेकडून तपासणी करून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैत 'नमुना ब' हे प्रमाणपत्र द्यावे लागते. आमच्याकडे हे प्रमाणपत्र म्हणजे भिंतीवरच्या आग विझवण्याच्या लाल नळकांड्यांचा कागद, असाच समज आहे. नळकांडे भरलेले आहे की नाही ते सगळे पाहतात, मागच्या दाराची कडी कोणी ओढून पाहत नाही.

दार बाहेर उघडावे हा आग्रह का, हे मला आधी नीट कळले नव्हते. आपल्या घरांची दारे आत उघडतात आणि त्यात काही चूक वाटत नाही. परंतु पन्नास माणसे एकदम दाराशी आली की पुढचा माणूस दारावर दाबला जातो. दार आत ओढायचे तर त्याला एक पाऊल मागे यावे लागते, आणि मागून रेटा असताना ते पाऊल मागे येत नाही. कडी काढलेली असली तरी दार उघडत नाही. बाहेर उघडणाऱ्या दाराला तोच रेटा उपयोगी पडतो. अमेरिकेच्या नियमांत म्हणूनच पन्नास किंवा त्याहून अधिक माणसांच्या खोलीचे दार बाहेर पडण्याच्या दिशेनेच उघडले पाहिजे, असे बंधन आहे.

चावीच्या बाबतीत मी दुकानातच एक प्रयोग करून पाहिला होता. नोकराच्या डोळ्यांवर रुमाल बांधला, नऊ चाव्यांचा जुडगा त्याच्या हातात दिला आणि अल्ड्रॉपला लावलेले कुलूप उघडायला सांगितले. हा मुलगा दिवसभर कुलपेच हाताळतो. तरीही त्याला पावणेदोन मिनिटे लागली. त्यात दोनदा चावी उलटी घातली गेली आणि एकदा जुडगा खाली पडला. दुकानात धूर नव्हता, आरडाओरड नव्हती, खोकला नव्हता. आगीत बहुतेक माणसे भाजण्याआधी धुराने बेशुद्ध पडतात, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे आधी समज जाते आणि मग हातपाय साथ सोडतात. अशा माणसाच्या हातात चावी असून काय उपयोग, आणि ती समोरच्या खोलीत झोपलेल्या बाईंच्या उशाखाली असेल तर विचारायलाच नको.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहातील १३ जून १९९७ ची आग माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. आग तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये लागली होती, ज्वाळा बाल्कनीपर्यंत पोहोचल्याही नव्हत्या. धूर मात्र वर गेला. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवून उजवीकडची वाट बंद केलेली होती आणि बाहेरच्या दाराला कडी होती. ५९ माणसे गुदमरून गेली. सुरतच्या कोचिंग क्लासमध्ये २४ मे २०१९ रोजी लागलेल्या आगीत २२ विद्यार्थी गेले, तेव्हा धुळ्यात गल्लोगल्ली फोन वाजत होते, कारण आमच्याकडच्या कितीतरी कुटुंबांचे निम्मे गणगोत सुरतेत आहे. तिथे कुलपाचा प्रश्न नव्हता, वर जाणारा एकमेव जिनाच पेटला होता. पण मुलांनी वरून उड्या टाकल्याची ती दृश्ये पाहताना माझ्या डोळ्यांसमोर आपल्याकडचे क्लास येत होते, जिथे दुसरा जिना आहे पण त्याच्या चॅनल गेटला कायमचे कुलूप आहे.

या सगळ्या वाचनात एका माणसाची गोष्ट मला फार जवळची वाटली. कार्ल प्रिन्झलर हे अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात हार्डवेअरच्या एका पेढीत काम करणारे विक्रेते होते, म्हणजे माझ्याच धंद्यातले. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉई नाट्यगृहात दुपारच्या खेळाला ते जाणार होते, पण कामामुळे त्यांचे जाणे राहून गेले. त्या खेळात आग लागली आणि ६०० हून अधिक माणसे मेली, त्यात बायका-मुले फार होती. फुकट्यांनी आत शिरू नये म्हणून दारे बंद ठेवलेली होती, आणि काही दारांच्या खिट्ट्या अशा होत्या की त्या कशा उघडायच्या हेच लोकांना समजले नाही. प्रिन्झलर यांच्या मनातून ते जाईना. बाहेरून बंद राहील पण आतून नुसते ढकलले की उघडेल, असे दाराचे साधन हवे, हा ध्यास त्यांनी घेतला. हेन्री ड्यूपाँट नावाच्या वास्तुविशारदाच्या मदतीने त्यांनी ते घडवले आणि १९०८ च्या सुमारास ते बाजारात आले. पेढीचे मालक व्हॉनेगट, ड्यूपाँट आणि प्रिन्झलर या तिघांच्या नावांचे तुकडे जोडून त्याला 'व्हॉन ड्युप्रिन' असे नाव दिले गेले. इंग्लंडमध्ये याआधीच, १८८३ साली सुंदरलँडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये दाराच्या अरुंद फटीपाशी चेंगरून १८३ मुले गेल्यानंतर, रॉबर्ट ब्रिग्ज यांनी अशाच ढकलदांड्याचे पेटंट १८९२ मध्ये घेतले होते. आज आपण ज्याला पॅनिक बार म्हणतो तो हाच. दाराच्या आतल्या अंगाला कमरेच्या उंचीवर आडवी दांडी असते, तिच्यावर हात, कोपर, कंबर, काहीही दाबले की खिट्टी मागे सरकते. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे ती खिट्टी सोडवायला १५ पौंडांहून अधिक जोर लागता कामा नये, म्हणजे साधारण सात किलोचा. दहा वर्षांच्या मुलीला तो जमतो.

आता प्रश्न येतो तो चोरीचा आणि सुरक्षेचा, आणि तो खरा आहे. न्यूयॉर्कच्या ट्रँगल या कपड्यांच्या कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी लागलेल्या आगीत १४६ कामगार मेले, त्यात बहुतेक तरुण मुली होत्या. तिथले एक दार याच कारणाने बंद होते, की सुटीच्या वेळी सगळ्यांनी एकाच दाराने जावे आणि त्यांच्या पिशव्या तपासता याव्यात. आपल्याकडे कापसाचा हंगाम सुरू झाला की दसऱ्यापासून होळीपर्यंत जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांत, रात्रपाळ्या चालतात. सातपुड्यातून आलेल्या पावरा आणि भिल्ल समाजाच्या बाया तिथे काम करतात, काही ठिकाणी राहतातही. रुईचा ढीग एका ठिणगीने कसा आतल्या आत धुमसत जातो, हे जिनवाल्यांना माझ्यापेक्षा अधिक कळते. तरीही हंगामात माल घेऊन गेलो असता एका जिनमध्ये कामगारांच्या खोल्यांना रात्री बाहेरून कडी लावलेली मी स्वतः पाहिली आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या मूळ कलम ३८ मध्येच म्हटले होते की, खोलीत माणूस असेपर्यंत बाहेर जाण्याचे दार आतून सहज आणि ताबडतोब उघडता येणार नाही अशा रीतीने बंद करू नये. स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्याच वर्षी लिहिलेले हे शब्द आहेत. तिथल्या मुकादमाला मी विचारले, "दादा, चावी कोनाजोडे शे?" म्हणजे चावी कोणाकडे आहे? त्याने गावाकडे हात दाखवला.

आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत दाराला आगळ असे. भिंतीतल्या खोबणीतून ओढून काढायचा तो सागवानी ओंडका आतल्या माणसाच्याच हाती असे, त्याला चावी नव्हती, आणि बाहेरून कुलूप लागायचे ते घरात कोणी नसतानाच. ती आगळ जड असे, लहान मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला ती ओढवत नसे, त्यामुळे जुने ते सगळे चांगले होते असे मी म्हणणार नाही. पण बाहेर कुलूप म्हणजे आत कोणी नाही, एवढी खूण तरी पक्की होती. आज आपण आत माणसे ठेवून बाहेरून कुलूप लावतो.

बाहेरच्याला रोखणे आणि आतल्याला सोडणे या दोन्ही गोष्टी एकाच दारात साधतात. बाहेरून चावी आणि आतून नुसते हँडल असलेले मॉर्टिस लॉक, म्हणजे दाराच्या जाडीत बसणारे कुलूप, कोणत्याही बऱ्या दुकानात मिळते. घेताना सिलिंडर, म्हणजे चावी जिथे फिरते तो भाग, मात्र एका बाजूला चावी आणि आतल्या बाजूला नॉब असलेलाच घ्यावा, दोन्हीकडून चावीचा घेऊ नये, आणि हँडल दाबले की खालची खिट्टीही मागे येते ना, हे दुकानातच करून पाहावे. छोट्या खोलीला नाइट लॅच, म्हणजे बाहेरून चावीने आणि आतून नॉबने उघडणारे लॉक, पुरते. जिथे पन्नासच्या वर माणसे जमतात तिथे पॅनिक बारच लावावा. तो अल्ड्रॉपपेक्षा कितीतरी महाग आहे, काही हजारांत जातो, हे मी लपवत नाही. दार उघडले की मोठ्याने वाजणारा, सेलवर चालणारा अलार्म त्याला जोडता येतो. त्यामुळे कोणी गुपचूप बाहेर गेले किंवा कोणाला आत घेतले, तर लगेच कळते. अमेरिकेत काही प्रकारच्या इमारतींत दांडी दाबल्यावर पंधरा सेकंदांनी उघडणारे दार चालते. मात्र आगीची घंटा वाजताच किंवा वीज जाताच ते त्याच क्षणी सुटले पाहिजे, अशी अट आहे.

एक गोष्ट मिस्त्री हमखास विसरतात. आतून उत्तम लॉक बसवतात आणि दाराच्या बाहेरची जुनी कडी तशीच ठेवतात. मग कोणीतरी सवयीने ती बाहेरून लावते आणि आतले हँडल निरुपयोगी होते. ती कडी ग्राइंडरने कापून काढावी.

दवाखान्यांत, बँकांत आणि अलीकडे अभ्यासिकांतही चुंबकाचे लॉक आले आहे. दाराच्या वर चुंबक असते, वीज असेपर्यंत ते दाराला धरून ठेवते, आणि त्याची पकड अडीच-तीनशे किलोच्या आसपास असल्याने माणसाच्या खांद्याने ते सुटत नाही. वीज गेली की पकड जाते, म्हणून ते सुरक्षित मानतात. पण आपल्याकडे वीज वारंवार जाते, दार उघडे पडते म्हणून लोक त्याला इन्व्हर्टर जोडतात, आणि इथे सगळा हिशेब बदलतो. आगीत मेन स्विच पडला तरी इन्व्हर्टर चुंबकाला वीज देतच राहतो. म्हणून आगीच्या घंटेची तार अशी जोडायला हवी की घंटा वाजताच इन्व्हर्टरची वीजही चुंबकापर्यंत पोहोचणार नाही, आणि दाराच्या आतल्या बाजूला थेट वीज तोडणारे, मोठे, हिरवे बटण हवे. आमच्याकडे हे लॉक घेणाऱ्या प्रत्येकाला मी विचारतो की इन्व्हर्टरवर टाकणार का. दहातले आठ जण हो म्हणतात.

वसतिगृहाचे व्यवस्थापक हे सर्व ऐकून घेत होते. शेवटी ते म्हणाले, "भाऊ, पण मुली रात्री बाहेर गेल्या तर पालकांना मी काय सांगू?" मी म्हणालो की अलार्म वाजेल आणि अधीक्षिकाबाई जाग्या होतील. मुलगी बाहेर गेली तर तिला परत आणता येते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी दोन पॅनिक बार आणि दोन अलार्म घेतले, गच्चीसाठी आतून नॉबचे लॉक घेतले, आणि जिन्याचे चॅनल गेट काढून तिथे बाहेर उघडणारे लोखंडी दार करायचे कबूल केले. सहापैकी दोनच कुलपे नेली, कोठीघराला आणि पंपाच्या खोलीला.

पंधरा दिवसांनी मी स्वतः बसवलेले काम पाहायला गेलो. मिस्त्रीने एक दांडी छातीच्या उंचीवर ठोकली होती, ती खाली मीटरभर उंचीवर घ्यायला लावली. मग पाचवीतल्या एका मुलीला बोलावून म्हटले, "बेटा, दोन्ही हातांत ताट-वाटी धर आणि बाहेर जाऊन दाखव." तिने पाठ फिरवली, कमरेने दांडी ढकलली आणि ती बाहेर गेली. अलार्म एवढा वाजला की स्वयंपाकीणबाई धावत आल्या. दुसरे दार मात्र पुरते उघडले नाही. बाहेर तीन फुटांवर शेजारच्या शेतकऱ्याची ट्रॉली उभी होती. ती जागा त्या शेतकऱ्याच्याच हद्दीत आहे, आणि कांदा निघेपर्यंत ट्रॉली हलवणार नाही असे ते म्हणतात. व्यवस्थापक आणि मी पुढच्या रविवारी त्यांच्याकडे पुन्हा जाणार आहोत.